बाबांच्या टॉर्चमध्ये दिसला सोन्या

घाटंजी तालुक्यातलं आमचं गाव. पीकविम्याचे दिवस आले की माझ्या ओसरीवर सकाळी ७ वाजल्यापासून माणसं बसलेली असतात, हातात सातबारा, आधार आणि पासबुक घेऊन, माझ्याकडून लॅपटॉपवर अर्ज भरून घ्यायला. यंदा नेमक्या त्याच आठवड्यात लॅपटॉपनं मान टाकली. २०१२ साली कापूस विकून बाबांनी तो मला घेऊन दिला होता. बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा घरघरायचा, पण स्क्रीन काळीठिक्कर. तालुक्याच्या दुकानात नेला तर न उघडताच सांगितलं, "मदरबोर्ड गेला, नवीन घ्या." एवढे पैसे खतात गेले होते.

रात्री मी तसाच चालू करून बसले होते. बाबा गोठ्यातून आले आणि त्यांच्या टॉर्चचा झोत तिरपा स्क्रीनवर पडला. ते थांबलेच. "काऊन वं, बंद पडला म्हनत होती ना तू? हा पाय, आपला सोन्या दिसून रायला!"

खरंच होतं. पोळ्याला सजवलेल्या सोन्याचा फोटो मी डेस्कटॉपवर लावलेला आहे. झुली, शिंगांचा बेगड, सगळं अगदी पुसट, पण होतं. एलसीडी स्क्रीन स्वतः उजेड देत नाही, तिच्यामागे दिवे असतात. म्हणजे चित्र तयार होत होतं, फक्त मागचा दिवा लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या सरांना विचारून लॅपटॉप तिथल्या मॉनिटरला जोडला. चित्र लख्ख! मदरबोर्डवरचा संशय माझ्यापुरता तिथंच फिटला. मग आठवलं, महिनाभर झाकण उघडताना स्क्रीन फडफडायची, अर्ध्यावर धरली की स्थिर व्हायची. चार्जर काढला, बॅटरी काढली, पावरचं बटण ३० सेकंद दाबून धरलं, मगच स्क्रीनची चौकट उघडली. बिजागरीतून जाणारी केबल रोजच्या उघडझाकीनं सोलली होती, आतली बारीक तार उघडी पडली होती. केबलवरचा नंबर जुळवून ४५० रुपयांत नवी मागवली.

स्क्रीन लागली, पण २० मिनिटांनी लॅपटॉप पटकन बंद! बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवला, तरी तेच. मोटार वाइंडिंगवाल्या भाऊंनी मीटर डीसी २० वर ठेवून चार्जरची पिन तपासली: १९.३ व्होल्ट. चार्जरवर १९ लिहिलेलं, म्हणजे तिथं खोट दिसत नव्हती. कमी व्होल्टेजचीही मला भीती नाही, कारण हा चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटला तर मात्र घरात ४०० पर्यंत येऊ शकतं. बल्ब एकाएकी भगभगला की मी आधी प्लग ओढते, हे घरात सगळ्यांना शिकवून ठेवलं आहे.

शेवटी लॅपटॉपच्या डाव्या जाळीपाशी हात धरला. बूड चटका बसेल इतकं तापलेलं, पण वारा जवळजवळ नाहीच. खालचं झाकण काढलं. पंखा आणि तांब्याच्या पातळ पट्ट्या यांच्या मधोमध कापसाचा थर बसला होता, गोधडीच्या अस्तरासारखा दाट, राखाडी. भाव येईपर्यंत आमचा कापूस त्याच खोलीत छताला लागतो. मे महिन्यात त्यानं आम्हाला खाज सुटते, लॅपटॉपच्या नाकात तर तो वर्षानुवर्षं जात होता. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून लॅपटॉप आपणहून बंद होतो, हे तेव्हा उमगलं.

पंखा बोटानं धरून, फिरू न देता, चिमट्यानं तो थर उचलला. एकसंध निघाला. प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारी, त्याच्यावरची जुनी पेस्ट वाळून भुगा झाली होती. ती पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ३७ अर्ज भरले, एकदाही बंद पडला नाही. दिवाळीच्या आसपास कापूस घरात येईल. बाबांनी आत्ताच स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला लॅपटॉपसाठी फळी ठोकून ठेवली आहे.