शेरा : निरंक

आज कार्यालयात एक तक्ता भरला आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. राजकीय व सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्यासाठी समितीपुढे ठेवायची माहिती होती : गुन्हा रजिस्टर नंबर, कलमे, जीवितहानी झाली काय, मालमत्तेचे नुकसान 5 लाखांच्या आत आहे काय. खालच्या एका ओळीत वाशीच्या आंदोलनातला तो गुन्हा आला. जीवितहानीपुढे मी ‘नाही’ लिहिले. नुकसानीच्या रकान्यात जीपची काच, बॅरिकेड आणि फायबरची एक ढाल, पंचनाम्यावरून पाहून, किमतीसह उतरवली. त्या दिवशी बंदोबस्ताला मी होतो, ती ढाल माझ्या हातातली होती. पेव्हर ब्लॉकचा तुकडा तिच्या खालच्या कडेला लागून गुडघ्यावर आला, म्हणून तिचा तडा खालून वर चढत गेलेला आहे. पंचनामा करणाऱ्याने तेही बारकाईने टिपले आहे. ढालीची किंमत बेरजेत आली. गुडघ्याला रकानाच नव्हता.

अगदी नव्हता असेही म्हणता येत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलमांमध्ये 353, म्हणजे सरकारी नोकरावर हल्ला, त्याच्या शेजारी 333 आहे, म्हणजे सरकारी नोकराला कर्तव्य बजावताना गंभीर दुखापत, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. माझा गुडघा त्या तक्त्यात असलाच तर त्या तीन आकड्यांत आहे.

तो तुकडा फेकणाऱ्या मुलाचा राग यावा, तर तोही धड येत नाही. आता तो नेरूळ स्टेशनबाहेरच्या फलकांवर हात जोडून उभा असतो. आमदार-खासदार असता तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशाप्रमाणे खटला मागे घ्यायला उच्च न्यायालयाची परवानगी लागली असती. ते भाग्य त्याला अजून लाभलेले नाही. मला खुपते ते वेगळेच. विशेष विकलांगता रजा झाली, मेडिकल बोर्ड झाले, हलकी ड्युटी मिळाली, आणि आता बंदोबस्ताची यादी लागली की पोरे हेल्मेट उचलून निघतात आणि जाताना माझ्याकडे खुर्ची सरकवून जातात. पावसाळ्यात स्टेशनचा जिना उतरताना कठड्याच्या बाजूला कोणी उभे असले की थांबून राहावे लागते. घरी यातले काही बोललो नाही. मुलगा भरतीसाठी पहाटे धावायला जातो. त्याविषयी आज नको.

पण खरे सांगायचे तर हाच तक्ता दुसऱ्या कोणाच्या गुडघ्याचा असता, तर मी तो असाच भरला असता आणि चहाला गेलो असतो. रकाने ज्याने आखले त्यालाही कुठेतरी थांबावे लागले असणार. प्रत्येकाचे दुखणे मांडायचे म्हटले तर कागद आडवा छापूनही पुरायचा नाही. शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. तिथे पेन जरा वेळ रेंगाळले, आणि मग सगळ्या ओळींपुढे लिहिले तसे ‘निरंक’ लिहिले. साहेबांनी सही करताना माझ्या अक्षराचे कौतुक केले. अक्षर पहिल्यापासून चांगलेच आहे, त्याचे श्रेय त्या दगडाला देता येणार नाही.

आता समिती शिफारस करील, सरकारी वकील जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 321 खाली खटला मागे घेण्याचा अर्ज देतील, आणि न्यायालयाने संमती दिली तर गुन्हा निकाली निघाल्याची नोंद माझ्याच टेबलावर येईल. ती मी त्याच दिवशी घेईन, कारण एक नोंद राहिली तरी महिनाअखेरचा गोषवारा जुळत नाही आणि मग बोलणी मलाच खावी लागतात.