कादेशची भिंत आणि सुभेदारकाका

अबू सिंबेलचं देऊळ करायचं तर असवानच्या हॉटेलातून पहाटे 4 ला बस हललीच पाहिजे. नाश्त्याचे 36 डबे, त्यातले 6 जैन, पुढे वाळवंटातले साडेतीन तास आणि वाटेत धड म्हणावं असं एकच टॉयलेट. लोकांना वाटतं टूर मॅनेजर इतिहास सांगतो. इजिप्तमध्ये तो परवाना स्थानिक गाइडचा. मी फक्त मराठी करतो. त्यातून इथे गाइडला देवळाच्या आत बोलायला बंदी. तो बाहेर, फॅरो रामसेस दुसरा याच्या 20 मीटर उंच मूर्तींसमोर सगळं उरकतो आणि मंडळी आपापली आत जातात.

आमचा गाइड अभ्यासू आहे, पण सीरियातल्या कादेशला हित्तींशी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या लोकांशी, झालेली लढाई आली की त्याचा आवाज चढतो. ‘सैन्य पळालं, राजा एकटा उरला आणि एकट्याने हित्तींचे 2500 रथ उधळले!’ 9 वर्षं मी हे मराठीत करतोय, ‘एकट्याने’वर जरा जास्तच जोर देऊन. टाळ्या पडतात. मग ठरलेला प्रश्न: सूर्यकिरण आत कधी येतात? 22 फेब्रुवारी आणि 22 ऑक्टोबर. ‘म्हणजे आपल्या अंबाबाईचा किरणोत्सवच की!’ कोल्हापूरचं कुणी ना कुणी असतंच.

त्या दिवशी हेडकाउंटला एक कमी. सिग्नल्समधून सुभेदार-मेजर म्हणून निवृत्त झालेले काका आत, ही लढाई कोरलेल्या उत्तरेच्या भिंतीसमोर उभे होते, हात पाठीमागे बांधून.

‘हे दोघं मार खातायत, ते कोण?’

‘हित्तींचे हेर, काका. त्यांना बडवल्यावर कळलं की हित्ती राजा मुवतल्ली कादेशच्या आडच दडलाय.’

‘तोवर काय समजत होते?’

‘वाटेत दोन भटके भेटले होते. ते म्हणाले, तो लांब हलबला, म्हणजे अलेप्पोला आहे.’

‘आणि ह्याने तळ ठोकला? दोन वाटसरूंच्या शब्दावर?’ काका भिंतीच्या अगदी जवळ गेले. ‘तुकड्या किती?’

‘4, देवांच्या नावांच्या. अमूनची राजाबरोबर पुढे. रेची वाटेतच कापली गेली. प्ताह आणि सेत मागे राहिल्या.’

त्यांनी ढालींचं कुंपण घातलेली छावणी दाखवली, मग बोट एका रांगेवर नेलं. पावलाला पाऊल जुळवून येणारे शिपाई. ‘आणि हे?’

हे मी बसमध्ये कधीच सांगत नाही. ती अमुर्रू प्रांताकडून ऐनवेळी पोचलेली कुमक.

‘मग एकटा कसा?’

तेवढ्यात दाराशी ती मोठी किल्ली घेऊन फोटोला उभा राहणारा राखणदार धावत आला आणि ‘नो गाइड, नो गाइड’ म्हणत काकांनाच बाहेर काढायला लागला. मला हसू आवरेना. काका हसले नाहीत. ‘गाव शेवटी कुणाकडे राहिलं?’

‘हित्तींकडेच. पुढे 15-16 वर्षांनी तह झाला. त्याची एक प्रत लक्सरजवळ कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर आहे, दुसरी तुर्कस्तानात मातीच्या पाट्यांवर सापडली.’

‘आणि जवान पळाले असं ह्याने दगडात कोरून ठेवलं.’ एवढं बोलून ते बसकडे निघाले. 25 मिनिटं उशीर. एका जोडप्याने फीडबॅक फॉर्मवर लिहिलं, ‘वेळेचं नियोजन सुधारावे.’ आमच्या ऑफिसला तेवढंच दिसतं.

परतीच्या वाटेवर काकांनी माइक मागितला. ‘सगळे झोपलेत,’ असं सांगून मी टाळलं. खरं तर निम्मी बस जागी होती. मला माझ्या 9 वर्षांच्या टाळ्यांची काळजी होती, आणि गाइड दुखावला तर उरलेले 4 दिवस कसे काढायचे याचीही.

दोन दिवसांनी लक्सरचं देऊळ. दर्शनी तटावर तीच लढाई. संध्याकाळ झालेली, खालून दिव्यांचा उजेड, त्यामुळे खोल कोरलेल्या रेघा कुठे उठून दिसत होत्या, कुठे पार पुसलेल्या. गाइडने सुरुवात केली, ‘द किंग, अलोन…’ काका मागच्या रांगेतून माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, ‘राजा म्हणतो, मी एकटा लढलो.’

टाळ्या पडल्या नाहीत. गाइडने चमकून पाहिलं. त्याला मराठी येत नाही, पण ‘एकटा’ला पडणाऱ्या टाळ्या त्याला पाठ आहेत. काका पुढे आले आणि पश्चिमेकडच्या भिंतीवर टॉर्च मारत म्हणाले, ‘चल, ते दोघं हेर इथे कुठे आहेत बघू.’