तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी गाडी किती सीसीची घेऊ?

परवा सकाळी गंगापूर रोडला फिरायला गेले होते, तेव्हा आमच्याच कॉलनीतला एक मुलगा भेटला. वडिलांना अर्धांगवायू होऊन चार महिने झालेत, घरात व्हीलचेअर आली आहे आणि आहे ती हॅचबॅक आता पुरत नाही. जुनी गाडी बघतोय, बजेट पाच-सहा लाख. "काकू, किती सीसीची घेऊ? मोठं इंजिन घेतलं तर पेट्रोल पिणार, लहान घेतलं तर घाटात ओढणार नाही." हा प्रश्न मला लोक बरीच वर्षं विचारतात. मी सातपूरच्या एका कारखान्यात कॉस्टिंगमध्ये नोकरी केली आणि गाडीत टाकलेल्या प्रत्येक लिटरची नोंद माझ्या वहीत आहे, हे ओळखीत सगळ्यांना माहीत आहे. रस्त्यात उभ्या उभ्या त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

सीसी, म्हणजे इंजिनाचं आकारमान, थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी दोनच गोष्टी सांगा: वर्षाला गाडी किती किलोमीटर पळणार आणि डिक्कीत नेमकं काय जाणार.

डिक्कीचं आधी सांगते, कारण माझी सुरुवात तिथूनच झाली. २००९ साली आईची उजवी बाजू गेली. तेव्हा आमच्याकडे सेडान होती. सेडानची डिक्की कागदावर मोठी असते. आपल्या नाशिकच्याच कारखान्यात बनलेल्या लोगनची डिक्की ५१० लिटरची, म्हणजे चांगलीच ऐसपैस. पण व्हीलचेअरला लिटर कळत नाहीत. तिला लागतं रुंद तोंड आणि बुटका उंबरा. सेडानमध्ये सतरा-अठरा किलोची खुर्ची आधी कमरेच्या वर उचलायची, मग तिरपी करून आत उतरवायची, आणि काढताना तेच उलटं. एकट्या बाईने दिवसातून चार वेळा हे केलं की पाठ जाते. माझी गेलीच.

मग आम्ही जुनी इंडिगो मरीना घेतली, २००६ची, १४०५ सीसी डिझेल. मरीना म्हणजे इस्टेट. कोणी स्टेशन वॅगन म्हणतं. सेडानचंच छत मागच्या टोकापर्यंत नेलेलं आणि मागचा दरवाजा बंपरपासून वर उघडणारा. खुर्चीच्या सीटचं कापड मधोमध धरून वर ओढलं की खुर्ची मिटते. मग पुढची छोटी चाकं उंबऱ्यावर टेकवायची, मागून गुडघ्याचा आधार द्यायचा आणि ढकलायची. उचलायचं फक्त अर्धं वजन, तेही क्षणभर. आई पुढच्या सीटवर बसून आरशातून बघायची आणि दरवाजा लागल्याचा आवाज आला की म्हणायची, "बसली का गं माझी गाडी?" दहा वर्षं ती मरीना आमच्याकडे होती.

दुःख एवढंच की आपल्याकडे इस्टेट फारशी चालली नाही. १९९२ला टाटा इस्टेट आली, १९४८ सीसी डिझेल. नंतर मारुतीची बलेनो अल्टुरा, १५९० सीसी पेट्रोल. स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली, मरीना आली. एकेक करून सगळ्या बंद झाल्या. आज शोरूममध्ये परवडेल अशी इस्टेट नाही, आणि जुन्या बाजारात दिसतात त्यांतल्या बहुतेकींना पंधरा वर्षं होऊन गेली आहेत. पंधरा वर्षांनंतर आरटीओत गाडी दाखवून पुन्हा नोंदणी करावी लागते. २०२२ला त्याची फी पाच हजार रुपये झाली, हरित कर वेगळा, आणि मुदत वाढते ती पाच वर्षांची. गाडी कितीही आवडली तरी घरात आजारी माणूस असताना सुट्या भागांसाठी नाशिकभर, द्वारका चौकापासून अंबडपर्यंत, चकरा मारणं परवडत नाही. म्हणून आज मी इस्टेटच्या ऐवजी सात सीटर बघायला सांगते, तिसरी रांग कायमची पाडून. माझी सध्याची २०१५ची अर्टिगा आहे, ती तशीच वापरते. मरीनापेक्षा उंबरा जरा वर आहे, पण तोंड सरळ आहे. २०१८च्या शेवटी आलेल्या दुसऱ्या पिढीच्या अर्टिगात तिसरी रांग उभी असताना २०९ लिटर जागा आहे आणि पाडली की ५५० लिटर. तुमच्या घरी माणसं पाच असतील तर ही पाडलेली रांगच तुमची इस्टेट.

आता सीसी. हा आकडा इंजिनिअरने जितका ठरवलाय तितकाच सरकारी करानेही ठरवलाय. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली, अट अशी की पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आणि डिझेल १५०० सीसीच्या आत हवं. म्हणून तर बाजारात ११९६, ११९७, ११९९ अशी इंजिनं दिसतात. दुसरी रेघ विम्याची. थर्ड पार्टी विम्याचे २०२२ला ठरलेले दर असे: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे एकदम ७,८९७. वर जीएसटी. म्हणजे अर्टिगाचं १४६२ सीसी इंजिन रेघेच्या आत आणि इनोव्हाचं २४९४ सीसी बाहेर. फरक वर्षाला साडेचार हजारांचा. दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण एवढ्यासाठी चांगली गाडी सोडूही नका.

घाटात ओढेल का, याचं उत्तर सीसीत सापडत नाही. पहिल्या अर्टिगाचीच दोन इंजिनं शेजारी ठेवून बघा. पेट्रोल १३७३ सीसी, ताकद ९५ पीएस, म्हणजे अश्वशक्ती. डिझेल १२४८ सीसी, म्हणजे लहान, ताकद ९० पीएस. पण टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, पेट्रोलचा १३० न्यूटन-मीटर आणि डिझेलचा २००. शिवाय डिझेलचा हा जोर इंजिनाच्या मिनिटाला १,७५० फेऱ्यांवरच मिळतो, पेट्रोलला त्यासाठी ४,००० पर्यंत चढावं लागतं. कसारा घाटात पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन पेट्रोल गाडी दुसऱ्या गिअरला ओरडत चढते, तिथे लहान इंजिनाची टर्बो डिझेल तिसऱ्यात गप्प चढते. ओरडली म्हणून पेट्रोल गाडी वाईट ठरत नाही. तिला फेऱ्या द्यायच्या असतात, मन घट्ट करून पाय दाबायचा. जे लोक इंजिनावर दया दाखवून तिसऱ्यातच घुसमटवत नेतात, ते इंजिनावर उलट ताणच आणतात. आणि आता समृद्धीने मुंबईला जाणाऱ्यांना घाट लागतच नाही, इगतपुरीजवळच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी सरळ खाली उतरते. तिथे प्रश्न वेगळा आहे. ताशी १२० ने पळवलेली लहान इंजिनाची गाडी इतकं पेट्रोल पिते की अॅव्हरेजचा सगळा हिशेब कोसळतो.

खर्चाकडे येते, माझा जीव त्यात आहे. आकडेमोडीसाठी पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ धरा. भरलेली सात सीटर पेट्रोलवर लिटरला १४ किलोमीटर देते, डिझेलवर १८. म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये आणि पाच रुपये दहा पैशांच्या आतबाहेर. फरक धरू दोन रुपये चाळीस पैसे. वर्षाला १५,००० किलोमीटर चालवलंत तर ३६,००० वाचले. ५,००० चालवलंत तर १२,०००. आता समजा तशीच डिझेल गाडी ६०,००० रुपयांनी महाग मिळाली आणि तिची सर्व्हिस वर्षाला चार हजारांनी जास्त बसली. जास्त चालवणाऱ्याचे वरचे पैसे दोन वर्षांच्या आत फिटतात. कमी चालवणाऱ्याला साडेसात वर्षं लागतात, आणि मध्ये एखादा इंजेक्टर, म्हणजे इंधन फवारणारा भाग, गेला तर फिटतच नाहीत.

त्यात २०२०च्या एप्रिलनंतरची, म्हणजे बीएस-६ डिझेल असेल तर तिच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. लांबच्या रस्त्यावर एका वेगाने गाडी पळाली की तो तापतो आणि काजळी जाळून टाकतो. माझा धाकटा भाऊ नाशिकरोडला राहतो, ऑफिस चार किलोमीटरवर. त्याचा फिल्टर तापायच्या आतच गाडी बंद होत होती. दिवा लागला, तो महिनाभर तसाच फिरला आणि शेवटी मोठं बिल आलं. गाडी चांगली होती, वापर तिच्या जातीचा नव्हता.

माझ्या वहीतलं गेल्या वर्षीचं पान सांगते. मुलगी पुण्याला आहे, त्यामुळे फेऱ्या होतात: ९,३७४ किलोमीटर. डिझेल ५४५ लिटर, ५०,१४० रुपये. विमा ९,८००. सर्व्हिस ८,५००. टायरचा वर्षाचा वाटा ४,४००, बॅटरीचा १,५००. पीयूसी, धुणं वगैरे १,२००. अचानक निघालेलं सस्पेन्शनचं काम ९,०००. बेरीज ८४,५४०, म्हणजे किलोमीटरला नऊ रुपये. इथे लोक थांबतात. पण गाडी मी २०१९ला सव्वासहा लाखांना घेतली आणि आज तिचे पावणेचार येतील. म्हणजे वर्षाला जवळजवळ ४२ हजार रुपये उभ्या उभ्या विरघळले, किलोमीटरला साडेचार. हा खर्च कोणत्याच पंपावर दिसत नाही. अॅव्हरेज १५ऐवजी १७ मिळालं तर दहा हजार किलोमीटरला साधारण ७,२०० रुपये वाचतात. दोन वर्षं नवीन मॉडेलच्या हौसेपोटी लाखभर जास्त मोजताना हे ७,२०० आठवावेत असं मला फार वाटतं.

अॅव्हरेज काढायचं ते टाकी ते टाकी. नोझल पहिल्यांदा टक् करून थांबला की थांबा, मीटर लिहा, पुढच्या वेळी पुन्हा तिथपर्यंतच भरा. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर मी विसंबत नाही.

सीएनजीचंही विचारतील म्हणून सांगते: खर्चाला उत्तम, पण सिलिंडर डिक्कीत बसतो. ज्या जागेसाठी गाडी घेताय तीच जागा जाते. शिवाय दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी करावी लागते. घरात व्हीलचेअर असेल तर हा विचार सोडा.

आणि आता माझं नुकसान सांगते, तुमचं होऊ नये म्हणून. आमची पहिली जुनी गाडी मी मीटर बघून घेतली होती: ४८ हजार. सहा महिन्यांत क्लच गेला, मग पुढचं सस्पेन्शन. शेवटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन जुनी नोंद काढली, तर दोन वर्षांपूर्वीच ती एक लाख बारा हजार चाललेली होती. विकणाऱ्याने हात वर केले. तेव्हापासून मी मीटर शेवटी बघते. आधी क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिजलेली चकाकी, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड. टायरवर चार आकडी तारीख असते, ३२१९ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. चाळीस हजार चाललेल्या गाडीला टायरचा तिसरा जोड कशाला लागेल? मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडायचं. भकाभक धूर आला तर इंजिनकाम जवळ आलंय. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल खाते. पेट्रोल गाडी जुनी असेल तर इंधनाचे रबरी पाइप हात लावून बघा, कारण आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३०वर सही झाली म्हणजे काम झालं असं नाही, पेठ रोडच्या आरटीओत आपलं नाव चढलेलं स्वतः बघा.

तर बाळा, तुझं उत्तर. तुझं ऑफिस अंबडला, सहा किलोमीटर. बाबांची फिजिओथेरपी शहरातच. वर्षाला सहा-सात हजारांच्या वर गाडी जाणार नाही. तू पेट्रोल घे. पाच जणांसाठी वापरायची सात सीटर, १३७३ किंवा १४६२ सीसी, बजेटमध्ये जी सर्व्हिसच्या पूर्ण नोंदींसह मिळेल ती. मॉडेल दोन वर्षं जुनं चालेल, नोंदी नसलेलं चालणार नाही. वणीला किंवा सापुताऱ्याला कधीमधी गेलास तर दुसऱ्या गिअरला चढेल, चढू दे.

रविवारी सकाळी मी मोकळी आहे. मालकाला आदल्या रात्री फोन करून सांग की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, इंजिन गार हवं. पोचल्या पोचल्या आपण बॉनेटवर हात ठेवून बघू. आणि येताना व्हीलचेअर घेऊन ये. ती तू एकट्याने आत घालून, बाहेर काढून दाखवायची, दोनदा. मग पैशांचं बोलू.