पंख्याचा दांडा एवढा लांब का? (सोलापूरचे दोन दिवस)

तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करताना मधे जेवायला थांबायचं आणि निघताना चादर घ्यायची, एवढंच माझं सोलापूर होतं. यावेळी कॉलेजच्या मित्राकडे चक्क दोन दिवस मुक्काम ठोकला. त्याचं घर पूर्व भागात, म्हणजे तेलुगू पद्मशाली विणकरांच्या वस्तीत.

स्टेशनवर रिक्षावाल्याला आधी किल्ल्याकडं घ्यायला सांगितलं तर म्हणला, "तिकडं काय बघताव सर, पडकं हाय सगळं." पडकं आहे खरं, पण बघण्यासारखं आहे. भुईकोट असल्यामुळं चढायचं काही नाही, तिकीट काढा आणि चाला. तटाबाहेर खंदक आहे आणि एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, म्हणजे पाण्यानंच निम्मी राखण केलेली. किल्ला बहामनी काळातला, आणि नंतर निजामशाही-आदिलशाहीत याच्यावरून किती वर्षं कुरबुर चालली. शेवटी चांदबीबीच्या लग्नात हाच किल्ला हुंड्यात गेला! आपल्याकडं फ्रिज न् गाडीवरून रुसवेफुगवे होतात, यांनी लढाया केल्या. 1818 ला इंग्रज आले. आत जुन्या मंदिराचे कोरीव खांब उभे आहेत, म्हणजे किल्ल्याच्या आधीही इथं कुणीतरी छिन्नी चालवून गेलेलं, आणि त्याच खांबांना टेकून दोन पोरं मोबाईलवर गेम खेळत बसली होती.

तलावातल्या सिद्धेश्वर मंदिरात संध्याकाळी गेलो. संत सिद्धरामेश्वर 12 व्या शतकातले, बसवण्णांच्या काळातले, वचनं (छोट्या भक्तिरचना) लिहिली कन्नडमध्ये आणि आज पूजेला येणाऱ्यांत मराठी, कन्नड, तेलुगू सगळे. त्यांनी गावाभोवती 68 लिंगं स्थापली असं मानतात. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात आणि यण्णीमज्जनाला या सगळ्या लिंगांना तेल लावतात. मित्र म्हणला, रस्ते बदलले, पेठा वाढल्या, पण काठ्यांची वाट तीच. मला वाटतं गावाचा खरा नकाशा तोच असावा, महापालिकेचा नंतरचा.

महापालिकेवरून आठवलं, इंद्रभुवन बाहेरून बघितलं. अप्पासाहेब वारदांनी बांधलेला वाडा, कमानी, खांब, नक्षी, हौसेला मोल नाही म्हणतात तसा. पुढं त्यात महापालिकेचं ऑफिस. रोज फाईल घेऊन जाणाऱ्या माणसाला वर मान करून बघायला वेळ मिळत असेल का कोण जाणे.

पण मला सगळ्यात आवडलं ते मित्राचं घर! बाहेरून काही नाही, साधं दोन खोल्यांसारखं दिसतं, शहाबादी फरशी, दारात रांगोळी. आत गेलो तर पहिलाच हॉल एकदम उंच, सहज दीड मजला, आणि त्याच्यामागची स्वयंपाकाची खोली मात्र इतकी बुटकी की मी डोकं सांभाळत आत शिरलो. म्हणलं हे काय बे, उलटं बांधलंय का?

मग त्यानं सांगितलं. हॉल माणसांसाठी नव्हताच, मागांसाठी होता. चादरीवर फुलं, मोर यायचे तर मागाच्या डोक्यावर जकार्ड बसवावा लागतो, त्याच्या भोकांच्या पत्त्यांची माळ वर फिरते आणि त्याप्रमाणं ताण्याचे धागे उचलले जातात. मग छत तेवढं उंच हवं. माणसं उरलेल्या जागेत राहिली. आजोबांच्या वेळी तर हातमाग होता, पाय सोडून बसायला जमिनीत खड्डा, तो नंतर बुजवला. त्या जागेची फरशी अजून थोडी दबते, मी मुद्दाम पाय देऊन बघितलं. अम्मा, म्हणजे त्याची आई, शेजारी बसून कांड्यांवर सूत भरायच्या आणि अख्ख्या गल्लीत खटखट चालायची, झोप त्यातच लागायची म्हणे.

इथल्या जुन्या मिलची, म्हणजे कापडगिरणीची, स्थापना 1874 ची, तिच्या भोंग्यावर शहर उठायचं. मिल 60 च्या दशकात बंद पडली, पण पत्ता सांगताना "जुनी मिल कंपाउंड" आजही म्हणतात. मित्राकडचे मागही दहा वर्षांपूर्वी भंगारात गेले. शेजारच्या मावशींचं घर आता कुंभारीला, गोदूताई परुळेकर वसाहतीत, बिडी कामगार बायकांची 10,000 घरं आहेत ना तिथं. त्यांच्याकडंही आम्ही चहाला गेलो. छत नेहमीएवढं. बरोबर आहे, बिडीला उंची लागत नाही, मांडीवर सूप आणि हातात कात्री पुरते.

रात्री आम्ही त्या हॉलमध्येच गाद्या टाकल्या. पंखा वर, लांबलचक दांड्याला लटकलेला, तरी वारा खाली येईना, मग कोपऱ्यातला टेबल फॅन काढला. मित्र म्हणतो, मधे स्लॅब टाकून वर एक खोली काढतो, भाडं येईल. अम्मा भाकरीवर शेंगाचटणी वाढत होत्या, मान वर न करताच म्हणाल्या, "टाक की. मग माग आला तर कुठं लावणार रे?"

मित्र हसला, पण स्लॅबचा विषय त्यानं परत काढला नाही.