सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर अठरा होल कसे झाले

गोल्फ अठरा होलांचाच का (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू खड्ड्यात जाईपर्यंतचा टप्पा), याचं उत्तर स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या मैदानावर सापडतं. तिथे आधी एका फेरीत बावीस होल होत. खेळाडू समुद्रकाठच्या अरुंद पट्ट्यातून जात आणि त्याच खड्ड्यांवर खेळत परतत. 1764 मध्ये सुरुवातीच्या चार आखूड होलांचे दोन केले. जाताना दोन कमी, येताना दोन कमी, म्हणून राहिले अठरा.

पुढे गर्दी वाढली तशी ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, रुंद करून एकेका ग्रीनवर दोन खड्डे आले. अशी सात जोड-ग्रीन आजही आहेत आणि प्रत्येक जोडीतल्या होल क्रमांकांची बेरीज अठराच येते: दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, असं आठवा-दहावा पर्यंत. पहिल्या होलला स्वतंत्र ग्रीन दिली ती मैदानाची देखभाल करणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिस यांनी. त्यामुळेच आजच्या, घड्याळाच्या उलट दिशेच्या फेरीची सोय झाली. मला हा बदल 1764 इतकाच मोठा वाटतो.

1873 मध्ये ओपन ही ब्रिटनची मोठी गोल्फ स्पर्धा इथे पहिल्यांदा झाली. खरी परीक्षा सतराव्या होलवर. ग्रीन अरुंद आणि तिरकी. पुढे डावीकडे खोल बंकर (वाळूचा खड्डा), मागे रस्ता आणि दगडी भिंत. थेट झेंड्यावर मारलेला चेंडू टणक जमिनीवरून घरंगळत रस्त्यावर जातो. उजवीकडे थोडा आखूड ठेवून पुढचा फटका जमिनीलगत चढवणं शहाणपणाचं. 1978 च्या ओपनमध्ये जपानी खेळाडू त्सुनेयुकी नाकाजिमा यांनी ग्रीनवरून हलकेच मारलेला चेंडू (पट) त्या बंकरमध्ये गेला आणि होल नऊ फटक्यांत संपला.