सुएझ १९७३ बोर्ड: बांध उभा राहिला, आता २२ ऑक्टोबरच्या रेषेचा घोळ

१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात इजिप्तने सुएझ कालवा ओलांडला, त्यावरच्या माझ्या दोन खेळाडूंच्या बोर्डगेमचं काम चालू आहे. कालव्याच्या पूर्व काठावरचा इस्रायलचा वाळूचा बार-लेव्ह बांध बोर्डवर चढला. प्रमाण १:३०० ठेवलंय, त्यामुळे १८० मीटरचा कालवा ६० सेंटिमीटर जागा खातो. जागा वाचवायला तो अरुंद करा, असं दोघातिघांनी सुचवलं. मी करणार नाही. रबरी होड्यांतून एवढं पाणी ओलांडणं काय होतं, ते रुंदी दिसल्याशिवाय कळत नाही.

२० मीटरचा बांध साडेसहा सेंटिमीटर झाला. थर्माकोलचे थर, त्यावर पाणी घातलेलं फेविकॉल आणि चाळलेली वाळू. खिंडारं मात्र कटरने कापली नाहीत. इजिप्तच्या अभियंत्यांनी हा बांध पंपांच्या फवाऱ्याने धुऊन काढला होता; कल्पना ‘बाकी झकी युसूफ’ नावाच्या तरुण अधिकाऱ्याची, अस्वान धरणाच्या कामावर ही पद्धत पाहिलेली. एका खिंडारामागे सुमारे १५०० घनमीटर वाळू. म्हणून फेविकॉल ओलं असतानाच जुन्या टूथब्रशने वाळू पाण्याकडे ओढली. कडा ढासळलेल्या दिसतात, हव्या तशा. दक्षिणेला, इजिप्तच्या तिसऱ्या आर्मीच्या भागात, वाळूचा नुसता चिखल झाला आणि पूल रखडले. तिथे गडद तपकिरी रंग दिलाय.

इजिप्तचा १४ ऑक्टोबरचा रणगाड्यांचा हल्ला नियमांत सोपा आहे: आपल्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या छत्रीबाहेर पडलात की मार खा. १५ च्या रात्री इस्रायलींनी देव्हरस्वारला कालवा ओलांडून पश्चिमेला उतरणं, तेही जमलंय.

अडलंय ते शेवटी. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर मॉस्कोला गेले, सोव्हिएत नेते ब्रेझनेव्हशी जमवून आले, आणि २२ ऑक्टोबरला सुरक्षा परिषदेचा ठराव ३३८ झाला: बारा तासांच्या आत, आहात तिथेच थांबा. आता ‘तिथे’ म्हणजे कुठे? रेषा कुणी आखलीच नव्हती, निरीक्षकही जागेवर नव्हते. गोळीबार पुन्हा सुरू झाला, इस्रायली दक्षिणेला सुएझच्या आखातावरच्या अदाबिया बंदरापर्यंत सरकले आणि तिसरी आर्मी कोंडली गेली. २५ तारखेचा ठराव ३४० म्हणतो, २२ च्या ग्रिनिच वेळेनुसार १६५० वाजता होतात तिथे परत जा. म्हणजे कुणालाच सिद्ध करता न येणाऱ्या जागी.

माझा तोडगा: शस्त्रसंधीच्या चालीला दोन्ही खेळाडूंनी आपापली रेषा ट्रेसिंग पेपरवर गुपचूप काढायची. दोन्ही कागद एकावर एक ठेवले की मधला पट्टा वादग्रस्त. त्यात पुढे सरकलात तर महासत्तांच्या पट्टीवर तणाव वाढतो. फार ताणलंत तर सोव्हिएत हस्तक्षेपाची धमकी आणि अमेरिकेचा २४-२५ च्या रात्रीचा अण्वस्त्र-सज्जतेचा इशारा. चाचणीत इस्रायलवाला दंड भरतो, पण तिसऱ्या आर्मीचा रसदीचा रस्ता तोडतोच. मला हे बरोबर वाटतं. कोंडलेली तिसरी आर्मी हाच पुढच्या वाटाघाटीतला हुकमाचा पत्ता होता, तो कोण सोडेल?

कैरो-सुएझ रस्त्यावर किलोमीटर १०१ ला दोन्ही सैन्यांची बोलणी झाली, तिथले तंबू कागदाचे केलेत. इजिप्तचे जनरल गमासी आणि इस्रायलचे जनरल यारिव्ह यांच्या चर्चेसाठी वेगळी पट्टी आहे: एका बाजूला पाणी, अन्न, औषधांचे ताफे, दुसऱ्या बाजूला युद्धकैदी. ११ नोव्हेंबरच्या सहाकलमी करारापर्यंत पोचलात तर गुण मिळतात, पण किती, ते अजून ठरत नाही. जास्त दिले तर इजिप्तवाला मुद्दाम कोंडून घेतो.

पुठ्ठ्याचे तरंगते पूल दमट हवेने वाकतायत. कुणी या प्रमाणात प्लॅस्टिक शीटचे केले असतील तर जाडी किती घेतली ते कळवा.