तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या बैठकीच्या खोलीत खुंटीला काळ्या-सोनेरी रंगाची एक जुनी टोपी टांगलेली असते, आणि ती दिसली की पाहुण्यांकडून तो प्रश्न येतोच. "तुम्ही तिकडून शिकून परत येऊन इतकी वर्षे झाली, त्या संघातल्या एकाही मुलाला तुम्ही प्रत्यक्ष ओळखत नाही, शिवाय तो संघ दर चार वर्षांनी नवा होतो, मग पहाटे चारला उठून तुम्ही नेमके कोणाला पाहता?" प्रश्न थट्टेत विचारलेला असतो आणि मीही आजवर तो थट्टेतच परतवत आलो आहे. पण विचारणारे वाढले आणि माझी ठरावीक उत्तरे मलाच पोकळ वाटू लागली, म्हणून या वेळी नीट सांगून पाहतो.

संघ पर्ड्यू विद्यापीठाचा, बास्केटबॉलचा आहे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेट या छोट्या गावात हे विद्यापीठ आहे आणि अभियांत्रिकीसाठी ते आपल्याकडेही ठाऊक आहे. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग तिथलाच पदवीधर. तिथल्या खेळाडूंना 'बॉयलरमेकर्स' म्हणजे बॉयलर घडवणारे कामगार म्हणतात. १८९१ साली पर्ड्यूने शेजारच्या वॉबॅश कॉलेजला अमेरिकन फुटबॉलमध्ये सपशेल हरवले, तेव्हा वॉबॅशच्या गावातील वृत्तपत्राने पाहुण्या संघाला हिणवण्यासाठी हा शब्द वापरला. पर्ड्यूच्या मुलांना तो इतका आवडला की त्यांनी तो कायमचा उचलला. हिणवण्यासाठी दिलेले नाव मिरवणारी माणसे मला पहिल्यापासून आवडत आली आहेत, हेही या वेडाचे एक लहानसे कारण असेल.

मी २००७ साली तिथे एमएससाठी गेलो तेव्हा क्रिकेटपलीकडे मला काही कळत नव्हते. त्याच वर्षी रॉबी हमल, ईट्वॉन मूर आणि जजुआन जॉन्सन हे तीन मुलगे बास्केटबॉलच्या संघात दाखल झाले होते, आणि माझ्या प्रयोगशाळेतला एक सहकारी मला जवळपास ओढतच त्यांच्या एका सामन्याला घेऊन गेला. मॅकी अरीना ही गोल घुमटाची इमारत आहे आणि तिच्यात चौदा हजारांहून अधिक माणसे बसतात. बसतात हा शब्द विद्यार्थ्यांना मात्र लागू नाही, कारण चाळीस मिनिटांच्या सामन्यात ते एकदाही खाली टेकत नाहीत. पाहुण्या संघाचा खेळाडू फ्री थ्रोसाठी, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीसाठी, रेषेवर उभा राहिला की त्याच्या समोरची सगळी बाजू हात हलवत ओरडू लागते, तो आवाज घुमटावर आपटून परत खाली येतो आणि आपण स्वतः काय ओरडतो आहोत तेही आपल्याला ऐकू येत नाही. मी काय ओरडत होतो ते मला आजही सांगता येणार नाही. नियमच ठाऊक नव्हते. खोलीवर परतल्यावर कानात बराच वेळ शिट्टी वाजत राहिली, एवढे मात्र पक्के आठवते.

तरीही वेड तिथे लागले असे मी म्हणणार नाही. तिथे असताना सामन्याला जाणे हा विद्यार्थी असण्याचा एक भाग होता, थंडीत जाड जाकीट घालण्यासारखा. २०१०च्या फेब्रुवारीत संघ देशात तिसऱ्या क्रमांकावर होता आणि तो राष्ट्रीय स्पर्धेच्या थेट अंतिम चारांत जाईल असे सगळे बोलत होते. त्याच महिन्याच्या २४ तारखेला मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात हमलच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. सामना आम्ही एका गुणाने जिंकलो, पण भाड्याच्या खोलीत टीव्हीसमोर बसलेल्या आम्हा सहाजणांपैकी कोणीही टाळी वाजवली नाही. उन्हाळ्यात मी पदवी घेऊन परतलो. ऑक्टोबरमध्ये नव्या हंगामाच्या पहिल्याच सरावात त्याचा तोच गुडघा पुन्हा गेला, आणि ती बातमी मी पुण्यात, ऑफिसातल्या संगणकावर वाचली. आता माझा त्या विद्यापीठाशी काही संबंध उरला नव्हता, व्हिसा संपला होता, ओळखपत्र निरुपयोगी झाले होते, आणि तरी मी जेवणाची सुट्टी संपल्यावरही ती बातमी पुनःपुन्हा वाचत होतो. हमल आणखी एक वर्ष थांबून २०११-१२च्या हंगामात परतला आणि तो सगळा हंगाम मी अवेळी उठून पाहिला. एका मुलाचे अर्धे राहिलेले शिक्षण पुरे होताना पाहावे, एवढीच तेव्हा इच्छा होती. ते पुरे झाले तोवर मला पहाटे उठण्याची सवय लागली होती.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो: मुले बदलत असताना मी काय पाहतो? मॅट पेंटर हे २००५पासून या संघाचे मुख्य प्रशिक्षक आहेत. त्यांच्याआधी पंचवीस वर्षे जीन कीडी होते, आणि पेंटर हे कीडींच्याच हाताखाली खेळलेले. म्हणजे १९८०पासून या संघाने फक्त दोन मुख्य प्रशिक्षक पाहिले आहेत, आणि दुसरा पहिल्याचा शागीर्द आहे. आपल्याकडे गाण्यात घराणे म्हणतात तसाच हा प्रकार आहे. गाणारा बदलतो, पण सम गाठण्याची रीत ओळखू येते. उंच सेंटरला, म्हणजे बास्केटजवळ उभ्या राहणाऱ्या खेळाडूला, केंद्रस्थानी ठेवून खेळ रचायचा, चेंडू हातात धरून ठेवण्याऐवजी फिरता ठेवायचा, बाहेरून तयार खेळाडू आणण्यापेक्षा अठरा वर्षांच्या मुलाला घेऊन त्याला वेळ द्यायचा, ही रीत मी इतकी वर्षे पाहत आलो आहे. त्यामुळे संघ नवा झाला तरी तो मला अनोळखी वाटत नाही.

या रीतीचे सर्वांत मोठे फळ म्हणजे झॅक ईडी. टोरंटोचा हा मुलगा लहानपणी हॉकी आणि बेसबॉल खेळायचा. शाळेच्या दहाव्या इयत्तेपर्यंत त्याने बास्केटबॉल हाती धरला नव्हता. उंची सात फूट चार इंच, पण शालेय खेळाडूंच्या राष्ट्रीय क्रमवारीत त्याचे नाव पहिल्या चारशेंतही नव्हते. पहिल्या वर्षी तो बहुतेक वेळा बाकावरून उठून मैदानात येई, चेंडू घेताना अवघडे, पटापट फाउल करी. मी त्याच्यावर फारशी आशा ठेवली नव्हती, हे कबूल करतो. तिसऱ्या वर्षी, २०२३ साली, तो देशातला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला आणि चौथ्या वर्षी पुन्हा ठरला. मधल्या काळात त्याचे हात कसे मऊ होत गेले, पाठीवर दोघेजण रेलले असताना धीर धरायला तो कसा शिकला, हे आठवड्यातून दोनदा पाहत गेलेल्या माणसाला जे दिसते ते व्यावसायिक संघांच्या खेळात सहसा दिसत नाही. तिथे बहुतेक खेळाडू आपल्यापुढे घडलेले येतात.

आणि हरण्याविषयी बोलल्याशिवाय पर्ड्यूविषयी बोलताच येत नाही. मार्चमध्ये ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा होते, एक सामना हरला की संघ घरी. वर्षभराची कमाई एका संध्याकाळी बुडू शकते आणि आमची ती वारंवार बुडाली आहे. २०१९ साली अंतिम चारांच्या उंबरठ्यावर कार्सन एडवर्ड्सने ४२ गुण केले, तरी व्हर्जिनियाने शेवटच्या क्षणी बरोबरी साधली आणि जादा वेळेत आम्हाला ८०-७५ असे हरवले. २०२१मध्ये तेराव्या मानांकनाच्या, २०२२मध्ये पंधराव्या मानांकनाच्या संघाने घरी पाठवले. आणि मग १७ मार्च २०२३. आम्हाला पहिले मानांकन, समोर सोळाव्या मानांकनाचा फेअरली डिकिन्सन, पहिल्या श्रेणीतल्या साडेतीनशेहून अधिक संघांमध्ये सरासरीने सर्वांत बुटका. पुरुषांच्या स्पर्धेच्या इतिहासात सोळाव्याने पहिल्याला तोवर एकदाच हरवले होते. त्यांच्या मुलांनी ईडीला पुढून-मागून घेरले, आमच्या मुलांना मोकळ्या जागेतून दुरूनच मारावे लागले, आणि तीन गुणांच्या २६ प्रयत्नांपैकी पाचच सफल झाले. निकाल ६३-५८. आपल्याकडे शनिवारची पहाट होती. बाहेर दूधवाल्याच्या सायकलची घंटा वाजली, मी उठून दूध घेतले, आणि पत्नीने "हरले का?" असे विचारले नाही, यावरून माझ्या चेहऱ्याची कल्पना करावी.

त्या पराभवानंतर ईडी व्यावसायिक खेळाकडे जाऊ शकत होता. तो परत आला, आणि त्याच्याबरोबर मुख्य खेळाडूंपैकी बहुतेक सगळे परतले. पुढच्या मार्चमध्ये तेच मुलगे अंतिम आठांत टेनेसीविरुद्ध उभे होते. आपल्याकडे मध्यरात्रीला दहा मिनिटे कमी असताना तो सामना सुरू झाला. ईडीने ४० गुण केले, आम्ही ७२-६६ जिंकलो आणि १९८०नंतर प्रथमच संघ अंतिम चारांत पोहोचला. कीडींना पंचवीस वर्षांत तिथे एकदाही जाता आले नव्हते. उपांत्य सामनाही जिंकला. अंतिम सामना ८ एप्रिलच्या रात्री कनेक्टिकटशी होता, म्हणजे आपल्याकडे ९ एप्रिल, सकाळी पावणेसातच्या पुढे. त्या दिवशी गुढीपाडवा होता. मध्यंतराला आम्ही सहा गुणांनी मागे होतो आणि तेवढ्या वेळात मी गच्चीवर जाऊन गुढी उभारली. घाईत गाठ सैल बसली, तांब्या एका बाजूला कलला, आणि आई म्हणाली, "अरे, तुझी मॅच दरवर्षी असते, पाडवाही दरवर्षी असतो, पण निदान गाठ तरी नीट मार." खाली आलो तोवर अंतर वाढू लागले होते. ईडीचे ३७ गुण पुरले नाहीत, सामना ७५-६० असा गेला. आईचे म्हणणे अर्धेच बरोबर होते. तसली मॅच दरवर्षी नसते.

इतर खेळांविषयी थोडक्यात. महिलांचा बास्केटबॉल संघ १९९९ साली राष्ट्रीय विजेता झाला. पुरुषांच्या संघाने ही स्पर्धा कधीच जिंकलेली नाही, हे आमच्या मंडळींपैकी अनेकांना आठवण करून द्यावे लागते. अमेरिकन फुटबॉलचा संघ हा स्वतंत्र दुःखाचा विषय आहे. २०२४च्या हंगामात तो बारापैकी एकच सामना जिंकला आणि शेवटच्या सामन्यात इंडियाना विद्यापीठाकडून ६६-० असा हरला. या दोन विद्यापीठांमध्ये १९२५पासून एका जुन्या लाकडी बादलीसाठी सामना होतो. जो जिंकेल त्याच्या नावाचे आद्याक्षर कडी म्हणून बादलीच्या साखळीत ओवले जाते. पहिलाच सामना ०-० असा बरोबरीत सुटला, त्यामुळे पहिल्या कडीत दोन्ही अक्षरे एकत्र आहेत. ती साखळी हे मी पाहिलेले सर्वांत प्रामाणिक दप्तर आहे, कारण तिच्यात प्रतिस्पर्ध्याचे यश आपल्यालाच सांभाळावे लागते.

आता पैसा. जुलै २०२१पासून तिथल्या महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या आणि प्रसिद्धीच्या जोरावर कमाई करता येते, आणि २०२५-२६च्या हंगामापासून विद्यापीठे त्यांना ठरलेल्या मर्यादेत थेट पैसे देऊ लागली आहेत. विद्यापीठ बदलण्यावरची बंधनेही जवळपास उठली आहेत, त्यामुळे काही संघ दरवर्षी बाजारातून नव्याने उभे राहतात. यावर माझे मत मागितले तर ते मलाच गैरसोयीचे आहे. ज्या मुलांच्या घामावर विद्यापीठे, वाहिन्या आणि प्रशिक्षक वर्षानुवर्षे कोट्यवधी डॉलर कमवत आले, त्यांना वाटा मिळायला हवाच होता. तो फार उशिरा मिळाला. पण मला या खेळात जे गोड वाटते, म्हणजे एका मुलाला चार वर्षे एकाच अंगरख्यात वाढताना पाहणे, ते या न्यायाने दुर्मीळ होणार आहे. माझ्या करमणुकीसाठी त्यांनी फुकट खेळावे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, म्हणून मी कुरकुरतो ती घरातल्या घरात.

तुमच्यापैकी काहीजण असेही सुचवतात की हरण्याचा इतका त्रास होत असेल तर एखादा जिंकणारा संघ धरावा. व्यावसायिक संघाच्या बाबतीत ते जमेल. पण कॉलेज हे आडनावासारखे असते. दुसऱ्याचे आडनाव कितीही भारदस्त असले तरी ते लावून हिंडण्यात काय मजा? कनेक्टिकटच्या विजयाने मला काडीचाही आनंद होणार नाही, कारण तिथल्या थंडीत मी कधी बससाठी उभा राहिलेलो नाही.

२०२५च्या मार्चमध्ये, पाडव्याच्या आदल्या सकाळी, ह्यूस्टनविरुद्ध आम्ही दहा गुणांची पिछाडी भरून काढून ६०-६० अशी बरोबरी केली होती. अगदी शेवटच्या क्षणी त्यांच्या खेळाडूने बाहेरून आत टाकलेला चेंडू सहकाऱ्याच्या हातून बास्केटजवळ मोकळ्या राहिलेल्या त्याच्याचकडे परत आला, त्याने तो बास्केटमध्ये टाकला आणि सगळे संपले. मी टीव्ही बंद केला, चहा टाकला आणि वहीच्या मागच्या पानावर नावे लिहायला घेतली. ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर, ट्रे कॉफमन-रेन. तिघांचाही एकेक हंगाम शिल्लक होता.